साहेबांच्या स्वयंपाकघरातली ऐतिहासिक वाट

खिंडीतलं खोपटं पाडलं त्या दिवशी आत्या रडली नाही. शिव्याशापही दिले नाहीत. कामगारांनी फळ्या उचकटायला घेतल्यावर ती पुढे झाली, बिजागऱ्यांचे स्क्रू स्वतःच्या हातानं फिरवून दार मोकळं केलं, दोरीनं पाठीला बांधलं आणि डोंगर उतरू लागली. खालून येणारे हौशी भटके बाजूला होऊन तिला जागा देत होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "आजी, दार घेऊन कुठं निघालात?"

"भिंती शोधायला," आत्या म्हणाली.

मी मागून तिचा स्टोव्ह आणि किटली घेऊन चालले होते, आणि ते उत्तर ऐकून मी ओळखलं, आता काही खरं नाही. आमच्या घरात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आत्या भांडत असेल तोवर काळजी नसते. ती विनोद करायला लागली की समोरच्यानं बिछाना गुंडाळावा.

समोरचा म्हणजे आमचे नवे अधीक्षक. आमचा अख्खा डोंगर म्हणजे सरकारी वनविहार आहे. आठवडाभर खुर्चीत बसून दमलेली माणसं सुट्टीच्या दिवशी इथं येऊन चालून दमतात आणि ताजीतवानी होऊन परत जातात. त्यात कुणालाच काही चमत्कारिक वाटत नाही. मी इथली खुणा रंगवणारी. कमरेला लाल रंगाचा डबा, हातात ब्रश. वाटेवरच्या झाडांवर आणि दगडांवर पट्टे मारायचे. धंद्याचा नियम एकच: एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची खूण दिसली पाहिजे. एवढी सोय आयुष्यात दुसरीकडे कुठंच मिळत नाही, म्हणूनच लोक इथं येत असावेत असा माझा अंदाज आहे.

अधीक्षकांच्या पट्ट्याला कायम मोजमापाची टेप अडकवलेली असे, म्हणून आम्ही त्यांना टेपसाहेब म्हणायचो. तोंडावर नुसतं साहेब. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, की डोंगरातल्या सगळ्या जुन्या वाटा जिथून जात होत्या तिथूनच पुन्हा जातील. खेचरांचे तांडे, टपाल नेणारी माणसं, मीठवाले, सगळ्यांच्या वाटा इंच न् इंच. या कामात त्यांच्या मदतीला प्राचीन पायवाट प्रेमी मंडळ होतं. मंडळ म्हणजे निवृत्त झालेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, अत्यंत सभ्य आणि अत्यंत निर्दय माणसं. त्यांचे अध्यक्ष गळ्यात होकायंत्र घालत, म्हणून ते होकायंत्रकाका. मी त्यांना वाट चुकताना अनेकदा पाहिलंय, पण उत्तर दिशा त्यांना प्रत्येक वेळी सांगता यायची.

तर साहेबांनी टेप लावली आणि टपालवाट बरोबर आत्याच्या खोपट्यातून, तिच्या स्टोव्हच्या खालून जाते असं निघालं. त्या खोपट्यात आधी माझे आजोबा, मग आत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा आणि उकडलेली अंडी देत आले होते. पावसात सापडलेल्यांना कोरडी जमीन मिळायची. आत्या तिथंच झोपायची, तिथंच उठायची.

"लोक जरा बाजूनं गेले तर नाही का चालणार?" आत्यानं विचारलं होतं. तेव्हा ती अजून भांडत होती.

"बाई," साहेब म्हणाले, सगळं मंडळ ऐकत होतं, "वाट म्हणजे वाट. तिच्या आड जे येईल ते हटेल. वळसा चालणार नाही. वळसा घातला की इतिहास संपला, उरला तो नुसता व्यायाम."

मंडळानं टाळ्या वाजवल्या. होकायंत्रकाकांनी हे वाक्य टिपूनही घेतलं, आणि त्याचा साहेबांना पुढं फार त्रास झाला.

आत्या माझ्या खोलीवर राहायला आली. खोली एवढीशी. कॉट तिला दिली, मी खाली. दार भिंतीला टेकवून उभं केलं. ती रोज सकाळी त्याला तेलाचं फडकं मारायची, कडी नीट लागते का बघायची. झोपेत उठून मी त्या दारातून बाहेर जायला बघितलं आणि कपाळावर टेंगूळ आलं. शिवाय तिचा हात चहाचा अंदाज विसरायला तयार नव्हता. पहाटे उठून ती पातेलंभर चहा टाकायची, मग आम्ही दोघी तो पीत बसायचो. खिंडीत कुणीतरी थंडीनं कुडकुडत असेल आणि त्याचा चहा आपल्या पोटात जातोय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

"तुला काय हवंय, आत्या?" मी एकदा विचारलं.

"खोपटं हवंय." तिनं घोट घेतला. "आणि तो माणूस हवाय."

"माणूस कशाला?"

"हवाय."

मी आपली बुद्धी चालवली. म्हटलं, साहेब सकाळी फिरायला जातात त्या वाटेवरच्या खुणा मी अशा रंगवते की ते गोल गोल फिरत राहतील आणि आपण चहा प्यायला बसू.

"मग त्यांना शोधायला कुणाला पाठवतील?"

"मला."

"मग तू शोधशील, आणि तुला शाबासकी देतील. अशा सुडाला काय चाटायचंय?"

त्यानंतर जे घडलं त्यात आमचा काडीचा हात नव्हता. साहेबांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. झालं असं, की त्यांच्या क्वार्टरमध्ये सिंकखाली पाणी गळायला लागलं. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, प्लंबरला बोलावून फरशा काढायला लावल्या. फरशीखाली निघाला एक घडवलेला दगड आणि दगडावर कोरलेला बाण.

साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी प्लंबरला तिथंच थांबवलं, मंडळाला फोन केला, आणि दगड मऊ ब्रशनं साफ करायला मला बोलावणं धाडलं, कारण खात्यात ब्रश माझ्याकडेच होता. मी सिंकखाली पालथी पडून दगड झाडत होते आणि माझ्या डोक्यावर साहेबांचं भाषण चालू होतं.

"मी ज्या घरात राहतो त्या घराच्या पोटातच टपालवाटेचा दिशादर्शक निघावा, हा योगायोग नाही," ते म्हणत होते.

"गळती आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात बादली होती. "पाणी कधी बंद होणार तेवढं सांगा."

"अगं, इतिहास आहे हा."

"असू दे. ओला होतोय."

मंडळानं दगडाचे फोटो काढले. एका आजीबाईंनी त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. वरच्या कार्यालयातून संध्याकाळपर्यंत अभिनंदन आलं.

खोलीवर आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. ती अंडी सोलत होती. हात थांबला.

"बाण कसा आहे? शेपटीला दोन रेघा? आणि टोक जरा वाकडं?"

"तुला कसं माहीत?"

आत्यानं सोललेलं अंडं ताटलीत ठेवलं, पदरात तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, शेवटी बांध फुटला. जवळ गेले तर ती हसत होती. खोपटं पडल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिला उचकी लागली, पाणी द्यावं लागलं.

"अगं, तो आपला दगड," ती म्हणाली. "खोपट्याच्या मागचा. मुक्कामाला राहिलेली माणसं अंधारात उठायची आणि संडास समजून शेळ्यांच्या गोठ्यात शिरायची. शेळ्या बोंब मारायच्या, माणसंही मारायची. म्हणून तुझ्या आजोबांनी दगडावर बाण कोरला. टोक वाकडं झालं कारण छिन्नी उधारीची होती आणि मालक डोक्यावर उभा होता."

"म्हणजे तो बाण..."

"संडासाकडे."

"आणि साहेबांच्या घरात कसा?"

हसू थांबलं. "क्वार्टर बांधलं तेव्हा ठेकेदारानं खिंडीतले घडवलेले दगड खेचरांवर लादून खाली नेले. बाबा विचारायला गेले, तर म्हणाला, डोंगर सरकारी, दगडही सरकारी." तिनं अंडं पुन्हा उचललं. "आमचेच दगड यांच्या पायाखाली आणि आम्हीच वाटेत."

"मग चल, सांगून टाकू मंडळाला. संडासाच्या दगडावर हात ठेवून डोळे मिटले म्हणून. हसून हसून मरतील लोक."

"हसू चार दिवस टिकतं," आत्या म्हणाली. "मला जरा टिकाऊ काहीतरी हवंय."

मंडळ दगड पुन्हा बघायला आलं त्या दिवशी आत्या ठेवणीतला स्वेटर घालून माझ्याबरोबर साहेबांच्या घरी गेली. दाराशी थांबून तिनं ते दार डोळे भरून पाहिलं. अस्सल सागवानी, पितळी कड्या, नावाची पितळी पाटी. साहेबांनी ते मागच्या बदलीच्या गावाहून सोबत आणलं होतं. आत गेल्यावर साहेबांनी तिला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली, पण मंडळासमोर काही बोलता येईना.

आत्या दगडापाशी वाकली. बराच वेळ बघितलं. मग अगदी गरीब आवाजात म्हणाली, "साहेब, बाण कुठं दाखवतो हा?"

सगळ्यांनी बाणाकडे पाहिलं. मग बाणाच्या रोखानं. बाण साहेबांच्या बेडरूमच्या दाराकडे बघत होता.

होकायंत्रकाकांनी होकायंत्र उघडलं, मिटलं. "म्हणजे वाट आत जाते," ते म्हणाले.

"जात होती," साहेब म्हणाले.

"माझी आजी टपालाची पिशवी घेऊन या उतारावरून यायची," आत्या म्हणाली. एवढं खरं होतं. आजी यायची, याच उतारावरून की दुसऱ्या, ते आजीलाच ठाऊक. "बाण असेल तिथून जायची. तेव्हा हे घर नव्हतं."

"पण मग ही वाट..." मंडळातल्या आजीबाईंचा आवाज कापत होता. "ही वाट या घरातून जाते. आपण ती चालायला हवी."

"अर्थात," साहेब घाईनं म्हणाले. "घराला जरा वळसा घालून..."

ते थांबले. सिंकखाली पाणी ठिबकत होतं. होकायंत्रकाकांनी खिशातून आपली टिपणं काढली, चष्मा लावला आणि साहेबांचं वाक्य साहेबांना अदबीनं वाचून दाखवलं. व्यायामापर्यंत.

वहिनींनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं वहिनींकडे. दोन बायकांत काहीतरी ठरलं, पण ते काय हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्यानंतर साहेबांच्या घरातून वाट रंगवायचा हुकूम मला आला, आणि माझ्या आयुष्यात कधी नव्हे ती मी वेळेवर कामावर गेले. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. फाटकावर एक पट्टा मारला. फाटकातून दार दिसतं, म्हणून सागवानी दारावर एक. साहेब खिडकीतून बघत होते. दारातून दगड दिसत नव्हता, मध्ये फ्रिज होता, म्हणून फ्रिजवर एक. मग बेडरूमच्या चौकटीवर, मग कपाटावर. बेडरूमच्या पुढं बाथरूम. बाण काही वळत नव्हता. बाथरूमच्या खिडकीतून बाहेर उतरायला सुतारानं छोटी शिडी बसवली. मी तिथं शेवटचा पट्टा मारला आणि मागं वळून पाहिलं. आजोबांचा दगड एवढा डोंगर उतरून, एवढी वर्षं फरशीखाली काढूनही, आपलं काम चोख करत होता.

लोक यायला लागले. वनविहाराच्या पत्रकात 'घरातून जाणारी एकमेव ऐतिहासिक वाट' अशी जाहिरातच आली, मग काय विचारता. साहेब गालाला साबण लावून उभे असायचे आणि पाठीवर पिशव्या लादलेलं अख्खं कुटुंब बाथरूमच्या दाराशी शिस्तीत रांग लावून थांबायचं. "तुमचं होऊ द्या सावकाश," बाप म्हणायचा, "आम्हाला घाई नाही, उतारच आहे." ओल्या मोज्यांचा वास पडद्यांना लागला. कुणी फ्रिज उघडला की खूण दारासकट फिरायची आणि पुढचा माणूस सरळ साठवणीच्या खोलीत जायचा. एक प्राध्यापक तिथं डाळीच्या डब्यांमध्ये पुढची खूण शोधत बराच वेळ सापडले नव्हते. त्यांनी नंतर अभिप्राय दिला, की वाटेचा हा टप्पा अवघड पण समृद्ध आहे.

साहेबांना बोलायची सोय नव्हती. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, इथं घराच्या खिडक्याही फिरल्या होत्या. बायकोकडे तक्रार करावी, तर वहिनी भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "वाट म्हणजे वाट."

आणि आत्या रोज जायची. भटके यायच्या आधी, सकाळी. दारावर टकटक करायची, चपला पुसायची, आत शिरायची, दगडापाशी थांबून हात जोडायची, साहेबांच्या पलंगाच्या कडेनं एकेक पाऊल टाकत बाथरूममध्ये जायची आणि खिडकीतून उतरायची. चकार शब्द नाही. साहेब पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून तिच्याकडे बघत राहायचे. मी मागून ब्रश घेऊन, खुणा ताज्या करायला.

एक दिवस साहेब आमच्या खोलीवर आले. त्यांना दार कुठलं ते कळेना, आधी त्यांनी भिंतीला टेकवलेल्या दाराची कडी काढली. दार ओढल्यावर मागं भिंतच निघाली, तेव्हा त्यांनी कडी पुन्हा लावली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आत्याबाई," ते म्हणाले.

"खिंडीत नुसती बाई होते," आत्या म्हणाली. "बसा. चहा घ्या. आमच्याकडे नेहमी जास्तच होतो."

त्यांनी कप हातात धरला, प्याले नाहीत. "तुमचा शब्द मंडळ मानतं. वाट माझ्या घरातून जात नव्हती, एवढं सांगा. तुमचं खोपटं मी पुन्हा उभं करून देतो. त्याच जागी."

मी असते तर तिथंच हो म्हटलं असतं. आत्यानं नाही.

"पण तिथून वाट जाते ना, साहेब? वळसा तर चालत नाही."

साहेबांनी कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"दोन दारं करा," आत्या म्हणाली. "एकातून वाट आत येईल, दुसऱ्यातून बाहेर जाईल. तुमच्याकडे जातेच आहे तशी."

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. ते घाईघाईनं म्हणाले, "उत्तम. एक दार हे आहेच. दुसरं मी नवीन करून घेतो."

"नवीन?" आत्याला धक्का बसला. म्हणजे तिनं तसं दाखवलं. "ऐतिहासिक वाटेवर नवं दार? मंडळाला काय वाटेल. तुमचं द्या. त्याच्यावर खूणही आहे."

"ते माझ्या घराचं दार आहे."

"हो," आत्या म्हणाली, "आणि हे माझ्या घराचं होतं."

मी छताकडे बघत राहिले. छताला बघण्यासारखं काही नव्हतं, पण साहेबांकडे बघितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

"पाटी काढून देतो," साहेब शेवटी म्हणाले.

"पाटीसकट."

"आत्याबाई, आता हे..."

"आणि वर नेऊन तुम्ही द्यायचं. कामगार नको. मीही कामगाराकडून आणलं नव्हतं."

साहेबांनी चहा एका दमात संपवला. गार झाला होता. जाताना ते पुन्हा चुकीच्याच दाराकडे वळले.

खोपटं उभं राहिलं. फळ्या गोदामात पडून होत्याच, छपराची पन्हळ तेवढी नवी घातली. दार काढायच्या दिवशी साहेब स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते, तर वहिनींनी तो आधीच कमरेला खोचून ठेवला होता. बिजागऱ्या त्यांनीच काढल्या. साहेब म्हणाले, "जरा हळू." त्या म्हणाल्या, "गळतीच्या वेळी माझं कुणी ऐकलं होतं?" तेव्हा मला कळलं त्या दिवशी स्वयंपाकघरात काय ठरलं होतं.

साहेबांनी दार पाठीला बांधलं. सागवान म्हणजे सागवान, आत्याचं दार त्यापुढं पापडासारखं. वाटभर ते धापा टाकत होते, टेप कमरेवर लटलट हलत होती, पितळी पाटी उन्हात चमकत होती. मी पुढं होते, कारण खुणा पुढच्यालाच दिसतात. भटके बाजूला होऊन जागा देत होते. वरून उतरणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काका, दार घेऊन कुठं?"

साहेबांनी दार पाठीवर सावरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एक चांगलं उत्तर माहीत होतं, पण ते आमच्या घरचं होतं. मी दिलं नाही.

दोन्ही दारं बसली आणि मंडळ वर आलं. सगळे एका दारातून आत येऊन दुसऱ्या दारातून बाहेर गेले, मग पुन्हा तसेच आत आले, कारण चहा आत होता. आत्या स्टोव्हपाशी उभी राहिली. साहेब कोपऱ्यात, खांदा चोळत.

"मला काही सांगायचंय," आत्या म्हणाली. "साहेबांच्या घरातून वाट जात नव्हती. माझी चूक झाली. तो दगड दुसरीकडून आणलेला आहे."

आजीबाईंनी कप खाली ठेवला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. इतका शांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"मग," होकायंत्रकाका म्हणाले, आवाजात जगाचं सगळं दुःख होतं, "वाट जात कुठून होती?"

आत्या सागवानी दारापाशी गेली. दारातून अख्खी दरी दिसते. खाली साहेबांचं क्वार्टर दिसतं, दाराच्या जागी चादर लटकत असलेलं. त्याच्या बाजूला साहेबांचं ऑफिस. ऑफिसपुढं साहेबांनी हौसेनं बांधून घेतलेलं कारंजं. पलीकडे त्यांची गाडी उभी करायची शेड. आत्यानं डोळ्यांवर हात धरला आणि या सगळ्यावरून नजर फिरवली. ऑफिसवर थांबली. पुढं गेली. पुन्हा ऑफिसवर आली. मी आपोआप कमरेचा डबा चाचपला.

साहेबांनी डोळे उघडले होते.

"आठवत नाही," आत्या म्हणाली. "वय झालं. पण आठवेल. थोडं थोडं येतंय."

मंडळानं समजूतदारपणे माना हलवल्या. काका म्हणाले, "घाई नाही, आत्याबाई. तुम्हाला आठवेल तेव्हा आम्ही येऊ."

त्याला आता बराच काळ लोटला. दगड मंडळाच्या आग्रहावरून ऑफिसच्या दर्शनी दालनात चौथऱ्यावर ठेवला आहे, 'प्राचीन दिशादर्शक' अशा पाटीसह. ठेवायचं काम माझ्याकडेच आलं. बाण कुठल्या दिशेला करू असं मी विचारलं, तेव्हा कारकून म्हणाला, कुठंही कर. मी साहेबांच्या केबिनकडे केला. येणारे लोक बाणाकडे बघतात, मग केबिनकडे, आणि आदरानं आवाज खाली आणतात.

खिंडीत भटके पितळी पाटीवरचं नाव वाचून दार वाजवतात आणि विचारतात, "साहेब आहेत का? चहा मिळेल?" आत्या म्हणते, "साहेब खाली असतात. चहा आहे."

परवा साहेब स्वतः वर आले होते. पाहणी करायची होती म्हणे. खोपट्याच्या मागं आत्यानं शेळी बांधलीय, ती त्यांना दिसली. त्यांनी टेप हातात घेतली, तोंड उघडलं.

आत्यानं किटलीवरचं झाकण उचललं, दरीकडे बघितलं आणि म्हणाली, "काहीतरी आठवल्यासारखं होतंय."

साहेबांनी टेप पुन्हा पट्ट्याला अडकवली. शेळी छान आहे म्हणाले. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि दरीकडच्या दारानं, म्हणजे आपल्याच दारानं, वाकून बाहेर गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मी विचारलं, "आत्या, आता तरी पुरे ना? खोपटं मिळालं."

"मिळालं," आत्या म्हणाली. तिनं फडक्याला तेल लावलं आणि सागवानी दार पुसायला घेतलं, पाटीवरून जरा जास्त वेळ. "माणूसही मिळाला. आता तो नीट ठेवायला नको?"